अचानक छाती धडधडते तेव्हा

समजा, तुम्ही दहावीच्या परीक्षेला बसला आहात. पेपर मराठीचा आहे. (दुसरा कोणताही धरला तरी चालेल, पण उर्दू माध्यमाच्या मुलांना कोणत्या पेपराची धास्ती जास्त वाटते, हे मला ठाऊक आहे!) वर्गात पंखा फिरतो आहे. पंचवीस मुले खाली माना घालून लिहीत आहेत. तुमच्या पुढच्या बाकावर तुमचा एक वर्गमित्र बसला आहे. अभ्यासात बरा, खेळात चांगला, सहसा आजारी न पडणारा. प्रश्नपत्रिका हातात येऊन दहा मिनिटेही झाली नसतील, तोच त्याचे पेन थांबते. तो मान वर करतो. शर्टाचे वरचे बटण काढतो. त्याच्या श्वासाचा आवाज तुम्हांला मागच्या बाकावर ऐकू येऊ लागतो. कपाळावरून घाम ओघळतो, बोटे थरथरतात. पर्यवेक्षक जवळ येतात तेव्हा तो कसाबसा म्हणतो, "सर, माझी छाती... मला श्वास घेता येत नाही. मी मरतोय, सर!"

पुढे काय होत असेल, याची कल्पना तुम्हांला करता येईल. कोणी म्हणते, "अभ्यास झाला नसेल, म्हणून बहाणा करतो आहे." कोणी म्हणते, "हार्ट ॲटॅक तर नाही?" कोणी कांदा फोडून नाकाशी धरायला सांगते. संध्याकाळी घरी शेजारची खाला येते आणि म्हणते, "पोराला नजर लागली." चार माणसे, चार निदाने. इकडे मुलगा मात्र वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप शांत झालेला असतो. दवाखान्यात नेऊन कार्डिओग्राम काढतात, तोही चांगला येतो. डॉक्टर घाईत असतात. ते म्हणतात, "काही नाही, घरी घेऊन जा."

झाले! "काही नाही" हे दोन शब्द ऐकले की पहिल्या माणसाचेच म्हणणे खरे ठरते. बहाणाच होता तर! आणि तो मुलगा रात्री अंथरुणावर पडून विचार करत राहतो : काही नव्हते, तर मग मला ते झाले काय?

त्या मुलाच्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा पाठ आहे.

त्याला बहुधा घबराटीचा झटका आला होता. इंग्रजीत त्याला 'पॅनिक अटॅक' म्हणतात आणि हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. ग्रीक लोकांच्या जुन्या कथांत 'पॅन' नावाचा एक रानदेव आहे. निर्जन रानात तो गुराढोरांना आणि वाटसरूंना विनाकारण भेदरवून सोडत असे, अशी समजूत होती. त्याच्या नावावरून हा शब्द आला. उर्दूतली 'घबराहट' आणि मराठीतली 'घबराट' या तर सख्ख्या बहिणीच आहेत. उर्दूत 'हौलदिली' असाही एक सुंदर शब्द आहे. भीतीने काळीज धडधडणे हे त्या एका शब्दात आले. म्हणजे ही गोष्ट नवी नाही. आपल्या आजी-आजोबांनाही ती माहीत होती. तिचे नीट निदान मात्र होत नव्हते.

आता हा झटका कसा ओळखायचा, ते पाहू.

सर्वांत मोठी खूण म्हणजे त्याचे अचानक येणे. साधी काळजी हळूहळू वाढते. परीक्षेच्या आठ दिवस आधी झोप उडते, भूक मंदावते, पोटात गोळा येतो. झटका तसा येत नाही. माणूस बसमध्ये बसलेला असतो, दुकानात रांगेत उभा असतो, कधी कधी तर गाढ झोपलेला असतो आणि दचकून जागा होतो. एकाएकी छातीत धडधड सुरू होते. दरदरून घाम फुटतो. हातपाय कापतात. श्वास पुरत नाही, घशात काही अडकल्यासारखे वाटते. छातीत दुखते किंवा दाटून येते. मळमळते. भोवळ येईल असे वाटते. अंगातून गरम वाफ निघाल्यासारखी होते, नाहीतर थंडी वाजते. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात.

ही झाली शरीराची लक्षणे. मनाची लक्षणे याहून चमत्कारिक असतात. आजूबाजूचे सारे खोटे, स्वप्नातले वाटू लागते. आपलाच हात आपला वाटत नाही. "माझा माझ्यावर ताबा राहणार नाही, मी वेडा होईन" अशी भीती वाटते. आणि सर्वांत वाईट म्हणजे "मी आता मरणार" अशी खात्रीच होते. तुमच्या वर्गमित्राने "मी मरतोय" म्हटले, ते नाटक नव्हते. त्या क्षणी त्याला तसे खरोखरच वाटत होते.

मानसोपचारतज्ज्ञ अशी एकूण तेरा लक्षणे मानतात. त्यांपैकी चार किंवा अधिक लक्षणे एकदम उसळली आणि काही मिनिटांतच शिगेला पोहोचली, तर तो घबराटीचा झटका समजतात. घड्याळ ही येथे फार उपयोगी वस्तू आहे. झटका साधारण दहा मिनिटांच्या आत सर्वांत तीव्र होतो आणि मग ओसरू लागतो. बहुतेक वेळा अर्ध्या तासात तो संपतो. मागे उरतो तो थकवा, जणू कोणी मैलभर पळवत नेले असावे. पळवलेलेच असते म्हणा! कसे, ते पुढे येईल.

आपल्या शरीरात धोक्याची एक घंटा आहे. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक छोटा भाग असतो. त्याचे नाव अमिग्डाला. या ग्रीक शब्दाचा अर्थच बदाम. समोर साप दिसला की विचार करण्याआधीच हा बदाम घंटा वाजवतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी त्या इशाऱ्यासरशी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे जाहीर केले. ते रक्तात मिसळले की हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते, अंग थंड ठेवण्यासाठी घाम सुटतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या ग्रंथात या तयारीचे वर्णन केले. लढा, नाहीतर पळा; शरीर या दोन्हींसाठी एकाच वेळी सज्ज होते.

गंमत अशी की मराठी भाषेला हे सारे कॅननच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. आपण म्हणतो, 'तोंडचे पाणी पळाले'. भीतीने लाळ कमी होते आणि तोंड खरोखरच कोरडे पडते. आपण म्हणतो, 'पोटात गोळा आला'. पोटाकडचे रक्त कमी होते, आतड्यांचे काम मंदावते, त्याचीच ही जाणीव. 'काळजाचा ठोका चुकला', 'पायांत गोळे आले', 'अंगावर काटा आला', हे वाक्प्रचार तुम्ही पाठ करता ते परीक्षेत वाक्यात उपयोग करा म्हणून. पण एकदा त्यांच्याकडे शरीरशास्त्राचे पुस्तक म्हणूनही पाहा.

साप असेल तर ही घंटा जीव वाचवते. घबराटीच्या झटक्यात मात्र साप नसताना घंटा वाजते. घंटा खरी, आवाज खरा, घाम खरा, धडधड खरी. खोटा असतो तो फक्त धोका. एवढी एक गोष्ट नीट लक्षात घेतली, तर "बहाणा करतो आहे" असे आपण पुन्हा कधी म्हणणार नाही. पळण्याची सगळी तयारी करून शरीर जागच्या जागी बसलेले असते. म्हणून तर नंतर मैलभर पळाल्यासारखा थकवा येतो.

श्वासाची गोष्ट आणखी वेगळी आहे. झटका आलेला माणूस म्हणतो, "मला हवा पुरत नाही." म्हणून तो भराभर, मोठमोठे श्वास घेतो. प्रत्यक्षात हवा कमी पडलेली नसते. उलट श्वास गरजेपेक्षा जास्त झालेला असतो. जास्त श्वासाबरोबर शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकला जातो. आपण शाळेत शिकतो की कार्बन डायऑक्साइड हा टाकाऊ वायू आहे. ते खरे असले तरी रक्तात त्याचे ठरावीक प्रमाण राहावेच लागते. ते घटले की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि गरगरते. नसा जास्त संवेदनशील होतात आणि बोटांना मुंग्या येतात. कधी कधी बोटे वळून ताठ होतात. ते पाहून घरची माणसे "लकवा मारला" म्हणून रडू लागतात. मुलगा ती रडारड पाहतो आणि आणखी घाबरतो.

येथेच या झटक्याची खरी मेख आहे. डेव्हिड क्लार्क या इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली ती फार सोप्या रीतीने मांडली. समजा, जिना चढल्यामुळे तुमचे हृदय थोडे जोरात चालले. तुम्ही त्याकडे लक्ष देत नाही. पण एखाद्याच्या मनात येते, "हे काय? मला हृदयविकार तर नाही?" या विचारानेच भीती वाटते. भीती वाटली की घंटा वाजते. घंटा वाजली की हृदय आणखी धडधडते. आणखी धडधडले की खात्रीच पटते. असे हे चक्र फिरत राहते आणि पाच मिनिटांत जिन्याचा दम मरणाच्या भीतीपर्यंत जाऊन पोहोचतो. धडधड ही ठिणगी. तिचा चुकीचा अर्थ हे तेल. रात्र रात्र जागरण, उपाशी पोट, एकामागून एक कपभर चहा किंवा कॉफी, यांनीही ठिणगी पडू शकते. परीक्षेच्या दिवसांत आपल्या घरोघरी नेमके हेच चाललेले असते, नाही का?

"कार्डिओग्राम चांगला, तरी छातीत दुखते" हे कोडे डॉक्टरांना पूर्वीपासून पडलेले आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. फिलाडेल्फिया शहरातल्या लष्करी रुग्णालयात जेकब दा कोस्टा नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे कितीतरी तरुण सैनिक एकच तक्रार घेऊन येत : छाती धडधडते, दुखते, दम लागतो, चक्कर येते. दा कोस्टा यांनी त्यांच्या छाती तपासल्या. हृदयात दोष सापडेना. तरीही त्यांनी त्या सैनिकांना भित्रे किंवा कामचुकार ठरवले नाही. त्यांनी नोंदी ठेवल्या आणि १८७१ साली त्यांवर लेख लिहून या त्रासाला 'चिडखोर हृदय' अशा अर्थाचे नाव दिले. पहिल्या महायुद्धात हाच त्रास 'सैनिकाचे हृदय' या नावाने ओळखला गेला. त्या सर्वांनाच घबराटीचे झटके येत होते, असे आज कोणी म्हणणार नाही; काहींना तापाने, जुलाबाने, उपासमारीने पोखरले होते. पण पुष्कळांची वर्णने वाचताना आजचा रुग्णच बोलतो आहे असे वाटते. वारंवार येणाऱ्या घबराटीच्या झटक्यांना आजारांच्या अधिकृत अमेरिकन यादीत स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० साली. दा कोस्टा यांच्या लेखानंतर शंभरहून अधिक वर्षांनी!

मला दा कोस्टा यांचे फार कौतुक वाटते. तपासणीत दोष सापडला नाही, म्हणून त्यांनी समोरच्या माणसाचे दुखणे नाकारले नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. ती नीट वाचा, कारण अर्धवट माहिती येथे घातक ठरू शकते. हा पाठ वाचून तुम्ही डॉक्टर झाला नाहीत. छातीत धडधडणे, दम लागणे, घाम येणे ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात. दम्यात श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो; तेथे औषधाचा पंप लागतो, धीराचे शब्द पुरत नाहीत. मधुमेही माणसाच्या रक्तातील साखर एकदम उतरली, तर घाम आणि थरथर येते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली, अंगात रक्त कमी असले, हृदयाचे ठोके अनियमित पडत असले, तरी असेच होऊ शकते. म्हणून असा त्रास पहिल्यांदा झाला की डॉक्टरांकडून तपासून घ्यायचेच. "घबराटच असेल" हे वाक्य तपासणीनंतर बोलायचे असते, आधी नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत तर अधिक जपा. अब्बांच्या किंवा दादींच्या छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखा दाब आला, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत गेली, चालताना किंवा ओझे उचलताना दुखणे सुरू झाले आणि थांबेना, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. स्त्रियांत आणि मधुमेहींमध्ये कधी कधी छातीत फारसे दुखतही नाही. नुसता दम लागतो, घाम येतो, मळमळते. तेथे घड्याळ पाहत बसू नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. आणखी एक खूण सांगतो. घबराटीच्या झटक्यात "मी बेशुद्ध पडेन" असे फार वाटते, पण माणूस सहसा पडत नाही. बेशुद्धी येते ती रक्तदाब एकदम उतरला की. आणि भीतीत तर तो चढलेला असतो. कोणी खरोखर शुद्ध हरपून पडला, तर वेगळे काही असण्याचा संभव धरा आणि डॉक्टरांना गाठा.

बरे, पुढच्या बाकावरच्या मित्राला आपण कशी मदत करायची?

प्रथम गर्दी हटवा. पंधरा माणसांचे घाबरलेले चेहरे हे झटक्याचे खाद्य आहे. त्याला खाली बसू द्या, आडवे पाडून हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल, तोंडावर पाण्याचा हबका, यांतले काही नको. जुन्या पुस्तकांत तोंडावर कागदी पिशवी धरून श्वास घ्यायला सांगितलेले आढळेल. तेही करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला, तर पिशवी जिवावर बेतू शकते. तुम्ही त्याच्याजवळ बसा आणि हळू, लहान वाक्यांत बोला. "मी इथेच आहे. डॉक्टरांना बोलावले आहे. हे थोड्या वेळात ओसरेल." "घाबरू नकोस" हे मात्र सारखे म्हणू नका. तो काही स्वतः ठरवून घाबरलेला नाही.

मग श्वास. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यायचे. नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास आत घ्यायचा आणि सहा अंक मोजेपर्यंत हळूहळू सोडायचा. तोंडाने "असे कर" सांगू नका, त्याच्याबरोबर तुम्हीही करा, लय लागते. दोन-तीन मिनिटांत फरक पडू लागतो. श्वास जमत नसेल, तर त्याला आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावे सांगायला सांगा : फळा, पंखा, खिडकी, दप्तर, घड्याळ. हा खेळ पोरकट वाटतो. पण त्यामुळे आत अडकलेले लक्ष बाहेर येते. कोणी आपल्या पाकिटातली झोपेची किंवा 'टेन्शनची' गोळी पुढे केली, तर ती मुळीच घेऊ देऊ नका. दुसऱ्याच्या नावाने लिहिलेले औषध आपले नसते.

एखादा झटका येऊन गेला म्हणजे आजार जडला असे नाही. पुष्कळ लोकांना आयुष्यात एखादवेळी असा झटका येतो आणि पुन्हा कधी येत नाही. खरे नुकसान होते ते वेगळ्याच वाटेने. ज्या बसमध्ये झटका आला, ती बस नको वाटते. मग कोणतीच बस नको. मग बाजार नको, लग्नसमारंभ नको, शाळा नको. "तिथे पुन्हा झाले तर?" ही भीती झटक्यापेक्षा मोठी होऊन बसते. झटका वीस मिनिटांचा. त्याची भीती मात्र चोवीस तासांची. हा त्रास बऱ्याचदा सोळा-सतराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत सुरू होतो, म्हणजे शिकण्याच्या आणि काम शोधण्याच्या नेमक्या वयात. मुली निदान आईजवळ बोलतात. मुलगे बहुधा पोटदुखीचे नाव सांगून घरी बसतात.

लपवण्याचे हे दुःख मोठ्या खेळाडूंनाही चुकलेले नाही. मार्कस ट्रेस्कोथिक हा इंग्लंडचा डावखुरा सलामीचा फलंदाज. ७६ कसोटी सामन्यांत त्याने ५,८२५ धावा काढल्या. वेगवान गोलंदाजांना तो घाबरत नसे. पण फेब्रुवारी २००६ मध्ये इंग्लंडचा संघ भारताच्या दौऱ्यावर असताना वडोदऱ्याहून तो एकाएकी मायदेशी परतला. आधी घरगुती कारण सांगण्यात आले, नंतर विषाणूचा आजार. खरी गोष्ट होती तीव्र चिंता आणि नैराश्य. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा दौराही त्याला अर्ध्यावर सोडावा लागला. मार्च २००८ मध्ये तो आपल्या सॉमरसेट संघाबरोबर दुबईला जाण्यासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पोहोचला, पण विमानात पाऊल ठेवू शकला नाही. त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडले. मग मात्र त्याने लपवणे थांबवले. त्याच वर्षी 'कमिंग बॅक टू मी' या आत्मचरित्रात त्याने सारे काही लिहून टाकले. सॉमरसेटकडून तो त्यानंतरही अकरा वर्षे, २०१९ पर्यंत खेळत राहिला.

यावर चांगले उपचार आहेत. एक उपचार बोलण्याचा आहे. त्यात मानसशास्त्रज्ञ रुग्णाला झटक्याचे चक्र समजावून देतात आणि कधी कधी एक गमतीची गोष्ट करायला लावतात. दवाखान्यातच जिना चढायला लावतात, खुर्चीत बसवून गोल फिरवतात, मुद्दाम भराभर श्वास घ्यायला सांगतात. छाती धडधडते, गरगरते, पण काही अघटित घडत नाही. असे पुन्हा पुन्हा केले की शरीराच्या घंटेला कळते, ही धडधड म्हणजे साप नव्हे. मग टाळलेली बस, टाळलेला वर्ग, एकेक पायरीने परत जोडून देतात. काहींना औषधेही लागतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची आणि मनाने बंद करायची नाहीत.

मनाला असा आधार देण्याची कल्पना फार जुनी आहे. आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख येथले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांचा मृत्यू इ. स. ९३४ मध्ये झाला. त्यांनी 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या ग्रंथात शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याचा एकत्र विचार केला. राग, दुःख, भीती आणि वसवसा यांबद्दल त्यांनी वेगवेगळे लिहिले. आपण अडीअडचणीसाठी घरात औषध ठेवतो ना, तसे मन शांत असताना हितकारक विचार साठवून ठेवावेत, असे ते सांगतात. झटक्याच्या वेळी नवे काही सुचत नाही. "हे ओसरणार आहे" हे वाक्य आधीच घरात ठेवलेले बरे.

उपचारासाठी दूर जावे लागेलच असे नाही. भारतात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला; जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करता येते. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. दिवसा किंवा रात्री केव्हाही, पैसे न देता, मराठी, उर्दू, हिंदी अशा आपल्या भाषेत बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे, असे अजूनही आपल्या मोहल्ल्यांत मानतात. डोळे तपासायला जाणारा माणूस आंधळा ठरत नाही, एवढे उत्तर मी अशा वेळी देतो.

आता त्या परीक्षेच्या वर्गात परत जाऊ. समजा, या वेळी पर्यवेक्षक जाणते आहेत. ते इतर मुलांना म्हणतात, "तुम्ही लिहीत राहा." एका शिपायाला केंद्रसंचालकांकडे पाठवून डॉक्टरांना बोलावतात. मुलाला खिडकीजवळ बसवतात, स्वतः शेजारी बसतात आणि त्याच्याबरोबर श्वास मोजू लागतात. चार आत, सहा बाहेर. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले आहेत. साडेअकराला मुलाचे खांदे सैल पडतात. तो घोटभर पाणी पितो. डॉक्टर येतात, नाडी पाहतात, रक्तदाब घेतात, छातीला नळी लावतात. पेपर संपल्यावर दवाखान्यात येऊन कार्डिओग्राम आणि रक्त तपासून घ्यायला सांगतात. मग ते आपली खुर्ची जवळ ओढतात आणि हलक्या आवाजात विचारतात, "बाळ, असे याआधी कधी झाले होते का?"

मुलगा खाली पाहतो.

"दोनदा झाले होते, सर. पण मी कोणाला सांगितले नाही."